विस्तवाला हात लावायचा नाही

ही गोष्ट खरी आहे.

ज्याला खोटी वाटते त्याने वाचू नये. पण वाचून हसायचं असेल, तर आधी सुरतेला जा, लिंबायतमध्ये सुषमाच्या खोलीत दुपारी चार वाजता बसा, आणि मग हसा. तिथे बसून हसलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही.

आणि हो, अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती. मागच्या वर्षीचा एप्रिल, शुक्रवार, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. बाहेर असं ऊन की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. भूत म्हणजे रात्रीच येतं, हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक. ज्याच्या चहाची वेळ चारची, ते चारलाच येणार.

सुषमाची खोली दुसऱ्या मजल्यावर. खाली लूमचं खातं, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. दिवसरात्र खडखडाट. त्या आवाजाची इतकी सवय की तो आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. नवरा योगराज रात्रपाळीला, सकाळी आठला येऊन दुपारभर झोपायचा. मुलगी मयुरी सोळा वर्षांची, गुजराती शाळेत शिकणारी. आणि सासू मंगलाबाई. मूळच्या पारोळ्याकडच्या, बोलणं अस्सल अहिराणी.

सुषमा घरात साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायची. भिंतीला लागून साड्यांचे गठ्ठे, छताच्या निम्म्यापर्यंत. सगळं सिंथेटिक. एक ठिणगी पडली तर जिन्यापर्यंत पोहोचायलाही वेळ मिळणार नाही. आणि त्या गठ्ठ्यांपासून दोन हातांवर गॅसचा ओटा.

सुषमाला आयुष्यात एकच भीती होती. आग.

म्हणून दिवाळीला धाकटा दीर भूपेंद्र गोडादऱ्याहून इलेक्ट्रिक किटली घेऊन आला तेव्हा तिला कोण आनंद झाला. जाळ नाही. बटण दाबलं की तीन मिनिटांत पाणी उकळतं, आणि आपोआप बंद होतं. सिलिंडर जास्त दिवस पुरतो. योगराज उठला की त्याला लगेच गरम पाणी. वाईट गोष्टीही होत्याच. दूध घातलं की बुडाला करपतं. वायर तोकडी, त्यामुळे ओट्याच्या एकाच कोपऱ्यात ठेवावी लागते. वीज गेली की नुसता तांब्या. पण जाळ नाही ना! सुषमासाठी एवढंच पुरे होतं.

मंगलाबाईंना ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

"हाई काय भांडं शे?" त्या म्हणाल्या. "उतू बी जात नई."

त्यांचं म्हणणं असं की चहा कसा हाक मारतो. उकळी येते, वास सुटतो, फेस वर चढतो, बाई धावत जाते. हे भांडं मुक्याने तापतं आणि मुक्याने विझतं. त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

सुषमा हसली होती तेव्हा. तो तिचा शेवटचा हसण्याचा विषय.

जानेवारीतली एक दुपार. सुषमा तयार साड्या पोहोचवायला गेली होती, मयुरी क्लासला. योगराज पलीकडच्या कॉटवर मेल्यासारखा झोपलेला. मंगलाबाईंना चहाची तल्लफ आली. त्यांनी किटलीत पाणी घातलं, साखर घातली, पावडर घातली. बटण दाबलं. वीज गेलेली होती.

मग त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं.

किटली उचलली, गॅसवर ठेवली आणि लायटर ओढला.

सुषमा जिना चढत असतानाच तिला वास आला. प्लास्टिक जळल्याचा. ती धावत आत शिरली तेव्हा किटलीचं बूड वितळून बर्नरवर थेंब थेंब गळत होतं, काळा धूर छताला लागला होता, आणि मंगलाबाई शेजारी उभ्या राहून पदराने वारा घालत होत्या. साड्यांच्या गठ्ठ्याकडे.

सुषमाने गॅस बंद केला. ओली गोधडी टाकली. आणि मग तिचं तोंड सुटलं.

काय काय बोलली ते तिलाही आठवत नाही. एक वाक्य मात्र आठवतं. ते शेजारच्यांनाही आठवतं, कारण अख्ख्या मजल्याने ऐकलं.

"आता सरणावर जाल तेव्हाच विस्तव बघा! तोवर या घरात विस्तवाला हात लावायचा नाही! कळलं?"

मंगलाबाईंनी लायटर ओट्यावर ठेवला. एवढंच म्हणाल्या...

"बरं माय."

आणि त्यांनी ते पाळलं.

असं पाळलं की सुषमाचं डोकं फिरायची वेळ आली. गॅसपाशी जाणं बंद. देवापुढे दिवा लावणं बंद. उदबत्तीसुद्धा मयुरीने लावायची. चूक झाली, रागात बोलले, असं सुषमाने म्हणायला हवं होतं का? हवं होतं. पण तिचाही राग उतरला नव्हता. घर जळालं असतं, नवरा झोपेत जळाला असता. त्यात वर म्हातारीचा हा हट्ट. एकदा थंडीत सुषमा बाहेरून उशिरा आली, तर मंगलाबाई अंधारात कुडकुडत बसलेल्या.

"अहो, चहा तरी करून घ्यायचा!"

"तूच सांगेल शे ना, हात लावानं नई."

"मग किटली आहे ना नवी! भाऊजींनी दुसरी आणून दिली ती काय पूजेला ठेवायची?"

"माले नको तो बटनना चहा."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. पण मंगलाबाईंनी तो शब्द उचलून जपून ठेवला होता आणि रोज चार वाजता सुनेसमोर काढून दाखवत होत्या. तीन महिने. सुषमा किटलीतल्या पाण्याचा चहा करून पुढे ठेवायची. मंगलाबाई तो गार होईपर्यंत बघत बसायच्या आणि मग औषधासारखा पिऊन टाकायच्या. दोघींत कोण जास्त चिडलेली होती, सांगणं कठीण होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मंगलाबाईंना धाप लागली. दोन दिवस दवाखाना, मग घरी. गुरुवारी दुपारी त्या गेल्या. घरात फक्त मयुरी होती. सुषमा औषध आणायला खाली उतरलेली.

"शेवटी काही बोलली का आजी?" योगराजने विचारलं.

मयुरी रडत होती. "इस्त्री, इस्त्री म्हणत होती. दोन-तीनदा. मला समज नहीं आया, पप्पा. मी विचारलं, कपड्यांची का? तर नुसती बघत राहिली."

सगळ्यांना वाटलं, समजलं. भूपेंद्रने पाडव्याला नवं लुगडं दिलं होतं. घडीच्या सुरकुत्या मोडल्या नाहीत म्हणून त्या कुरकुरत होत्या. तीच इच्छा राहिली असेल. सुषमाने डोळे पुसत ते लुगडं इस्त्री केलं. कडक, एकही सुरकुती नाही. तेच नेसवून त्यांना नेलं.

स्मशानातून पुरुष परत आले तेव्हा भूपेंद्र सांगत बसला. त्याला प्रत्येक यंत्राचं कौतुक.

"लाकडाला नंबर होता, वहिनी. म्हटलं कशाला ताटकळायचं? विजेच्या भट्टीत घेऊन टाका. दार उघडलं, आत सरकवली, दार बंद, बटण दाबलं. धूर नाही, जाळ नाही. काही दिसलंसुद्धा नाही."

"आणि अग्नी?" सुषमाने विचारलं.

"कापूर लावला ना दादाने. वाऱ्याने विझला. पण चालतं, म्हणाले तिथले."

 

खानदेशात मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरे जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. तिसऱ्या दिवसापर्यंत गॅसला कुणी हात लावायचा नव्हता. पण माणसं भेटायला येतच होती, आणि चहाशिवाय किती वेळ बसवणार? भूपेंद्रची बायको नूतन पटकन उठली. तिने किटलीत पाणी भरलं.

"नूतन, सुतक आहे," सुषमा म्हणाली.

"अहो ताई, आमां विस्तव क्यां छे? यात तर बटण आहे!"

सगळ्यांना पटलं. नूतनने बटण दाबलं. पाणी उकळलं. काळा चहा झाला, सगळ्यांनी घेतला. सुषमानेही घेतला.

त्याच दुपारी पहिली खूण झाली.

माणसं पांगली होती. सुषमा जिन्यात बसून चपला लावत होती. आणि अचानक तिला काहीतरी कमी वाटलं...

खालच्या लूमचा आवाज.

तो थांबला होता. वीज गेली म्हणावं तर समोर पंखा फिरत होता.

मग आतून आवाज आला.

ठण्...

लोखंडावर स्टीलचं भांडं ठेवल्याचा.

आणि लगेच लूम पुन्हा सुरू. जणू मध्ये काही झालंच नाही.

ती आत गेली. खोलीत कुणी नव्हतं. ओट्यावर किटलीची जागा रिकामी होती.

किटली गॅसवर ठेवलेली होती.

बरोबर मधोमध, बर्नरवर. आत पाणी, साखर, पावडर. गॅस बंद. शेजारी लायटर, मूठ बाहेरच्या बाजूला, जसा आपण दुसऱ्याला घ्यायला देतो तसा.

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं.

सुषमा घाबरली नाही. चिडली! तिने मयुरीला खालून बोलावून असं झापलं की पोरगी रडायला लागली. "मम्मी, मी तर पिंकीकडे होते! कसम से!" मग नूतनवर संशय. नूतनने फोनवरच कान उपटले, "मी काय अडाणी आहे, इलेक्ट्रिक किटली गॅसवर ठेवायला?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा.

लूम थांबले...

ठण्...

किटली बर्नरवर, लायटर शेजारी, मूठ बाहेर.

तिसऱ्या दिवशी सुषमाने किटली कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. चार वाजता मयुरीला घेऊन बाहेर दारात बसली. आत फक्त योगराज, घोरत.

लूम थांबले. घोरणंही थांबलं.

ठण्...

कपाटाचं कुलूप तसंच होतं. किटली बर्नरवर होती. हात लावला तर बूड गार. 

योगराजला उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "काय चालू शे तुनं? रातभर लूमवर उभं ऱ्हायचं, दिवसा हे नाटक!"

"आत्याबाई येतात," सुषमा म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"दहाव्याला बघू. कावळा सांगेल."

आणि दहाव्याला कावळ्याने काय करावं? पिंड ठेवल्याबरोबर झडप घातली. भूपेंद्रला व्हिडिओ काढायलाही वेळ मिळाला नाही. सगळे निर्धास्त झाले. काही मागे राहिलं नाही. योगराजने सुषमाकडे असं बघितलं की तिला वाटलं, तापीतच ढकलून द्यावं याला.

त्याच दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी किटली पुन्हा बर्नरवर होती.

कावळा शिवला होता. म्हणजे मंगलाबाईंची काही इच्छा राहिलेली नव्हती. मग येत कशाला होत्या?

उत्तर आणलं धुडकूमामांनी. मंगलाबाईंचे सख्खे भाऊ, ऐंशीच्या घरातले. तेराव्यासाठी गावाहून आलेले. दुपारी भिंतीला टेकून बसले, खिशातून बिडी काढली, काडेपेटी चाचपली, मिळाली नाही. समोर मयुरी होती.

"पोरी, जराखा इस्तो लई ये."

मयुरी उठली. कपाट उघडलं. आणि मामांच्या पुढ्यात इस्त्री आणून ठेवली. कपड्यांची. वायर गुंडाळलेली.

धुडकूमामा खो खो हसले. "अरे, हाई काय? इस्तो सांगं मी! इस्तो! इस्तो म्हंजे विस्तव व! चुलीमधला!"

मयुरीही हसायला लागली. गॅसवर वाढलेली पोर. तो शब्द तिच्या कानावर कधी पडलाच नव्हता.

सुषमा हसली नाही.

तिच्या हातातलं ताट खाली पडलं.

इस्त्री नव्हत्या मागत. इस्तो मागत होत्या.

मरताना, धाप लागलेली असताना, त्या बाईने विस्तव मागितला होता. आणि आपण त्यांना लुगडं इस्त्री करून दिलं. सरणावर जाल तेव्हाच विस्तव बघा, म्हटलं होतं आपण. त्या तीन महिने थांबल्या. आणि सरणही दिलं नाही. बटण दाबलं.

जाळ दिसलाच नाही, म्हणाला होता भूपेंद्र.

म्हणूनच त्या रोज येऊन सगळं मांडून ठेवत होत्या. पाणी, साखर, पावडर. फक्त पेटवत नव्हत्या. विस्तवाला हात लावायचा नाही, असं सांगितलेलं होतं ना. मेल्यावरही पाळत होत्या. ही इच्छा नव्हती, सुनेचा शब्द होता; तो कावळ्याला कसा कळणार?

सुषमाला रडू यायला हवं होतं. तिला राग आला. स्वतःचा आला, योगराजचा आला, भूपेंद्रच्या त्या यंत्रांच्या कौतुकाचा आला. आणि खरं सांगायचं तर मंगलाबाईंचाही आला. इतका हट्ट? माणूस रागात बोलतं, त्याचं असं लोणचं घालून ठेवायचं?

तेराव्याची पंगत उठली, मामा गावी गेले. दुसऱ्या दिवशी चार वाजता सुषमाने मयुरीला नूतनकडे पाठवलं. योगराज झोपलेला. ती एकटी ओट्यासमोर पाट टाकून बसली.

लूम थांबले...

ठण् झालं, पण किटली येताना तिला दिसली नाही. तिने पापणी मिटली, उघडली, आणि किटली बर्नरवर होती. एवढंच.

खोलीत मंगलाबाईंचा वास आला. चुन्याचा, तंबाखूचा, जुन्या लुगड्याचा.

सुषमा बोलली. आवाज चढलेलाच होता, तिला दुसरा आवाज येतच नाही.

"आत्याबाई, ऐका. माझी चूक झाली असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी घर पेटलं असतं. तुमचाच पोरगा झोपला होता. पण तो शब्द मी मागे घेते. बंदी उठली. लावा विस्तवाला हात. घर तुमचंच आहे."

काहीच झालं नाही.

मग कानाशी, अगदी जवळ...

"बरं माय."

खाली लूम सुरू झाले.

त्या रात्री सुषमा कित्येक दिवसांनी शांत झोपली. आपण मोठं मन केलं, म्हातारी सुटली, असं तिला वाटलं. रागीट माणसाला आपल्या चांगुलपणाचं फार कौतुक असतं.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. योगराज खाली झोपलेला. मयुरी नेमकी पोट दुखतं म्हणून शाळेतून लवकर येऊन त्याच्याच शेजारी आडवी झालेली. चार वाजून गेले होते. सुषमाच्या मनात भीती नव्हती. आता काही होणार नव्हतं.

आणि लूम थांबले.

जिन्यावरून आवाज वर आला. ठण् नव्हता तो.

टिक्...

टिक्...

टिक्...

लायटर.

सुषमा कपडे टाकून धावली. दोन मजले कसे उतरली तिला माहीत नाही.

गॅस पेटलेला होता.

निळा जाळ, बारीक. त्यावर किटली नव्हती. मंगलाबाईंचं जुनं पितळी पातेलं होतं, माळ्यावर टाकलेलं, घासूनपुसून लखलखीत. आत चहा उकळत होता. फेस काठापर्यंत आला होता. किटली मोरीत उपडी पडली होती, वायर तिच्याभोवती आवळून गुंडाळलेली.

ओट्यावर दोन कप. एक भरलेला. दुसरा रिकामा, पण तळाला ओला.

आणि साड्यांचा वरचा गठ्ठा सुटला होता. एका साडीचा पदर ओट्यावर आला होता. जाळापासून वीतभर लांब.

पदर वाऱ्याने आला? पंखा बंद होता.

पलीकडे बापलेक झोपलेले. दोघांनाही काही पत्ता नाही.

सुषमाने झडप घालून गॅस बंद केला, पदर ओढला. संताप डोक्यात गेला होता. तिने तोंड उघडलं.

"कितीदा सांगितलं, या घरात विस्तव..."

आणि ती थांबली.

दातांनी जीभ दाबून धरली. रक्त आलं तरी सोडली नाही.

कारण आता तिला कळलं होतं. तिचा शब्द ही बाई खाली पडू देत नाही. नको म्हटलं, की मरेपर्यंत आणि मेल्यावरही नको. हो म्हटलं, की हो. आता पुन्हा नको म्हटलं, तर मंगलाबाई पुन्हा सगळं मांडून, लायटर शेजारी ठेवून, वाट बघत बसतील. आणि त्या वाट बघण्याचा शेवट कशात होईल, हे विचारायची सुषमाची हिंमत नाही.

योगराजचा आजही विश्वास नाही. तो म्हणतो, तूच ठेवतेस आणि विसरतेस. गठ्ठे आता खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी असतात. मयुरीला दुपारी घरात थांबायला बंदी आहे. ती बंदी सुषमाने फार जपून, शब्द मोजून घातली.

सुषमा मात्र चार वाजता कुठेही असली तरी घरी येते. लग्न असो, मयत असो. ओलं फडकं हातात घेऊन ओट्यासमोर बसते. लूम थांबतात. टिक्, टिक् होतं. जाळ लागतो. चहा वर येतो, ती उतरवते, गाळते, दोन कप भरते.

तिला राग येतो. अजूनही भयंकर येतो. तो चहाबरोबर गिळते.

मागच्या आठवड्यात शेजारणीने तिला विचारलं, सासू गेल्यापासून तुझा आवाज कसा ऐकू येत नाही?

सुषमाने इकडेतिकडे बघितलं. मग ओठांवर बोट ठेवलं.